विश्लेषण : लांबच्या प्रवासात पाय पुढे पसरायचे की ब्रेकजवळ ठेवायचे? मोटारसायकलच्या ‘हायवे पेग’चे गणित काय?

पुणे, नाशिक किंवा सुरतेत नोकरी करणारे खान्देशातील अनेक तरुण आखाजी, कानबाई आणि दिवाळीला मोटारसायकलवरूनच गावी येतात. पुणे ते जळगाव हा सुमारे ४०० किलोमीटरचा पल्ला. त्यात गुडघे आखडतात, पोटऱ्या जड होतात, कंबर धरते. त्यावर उपाय म्हणून क्रॅश गार्डवर बसवायचे जादा पायटेकू, म्हणजे ‘हायवे पेग’, सध्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतात. पाय पुढे पसरता येतात, हा त्यांचा फायदा खरा आहे. मात्र पाय तिकडे गेला की तो ब्रेकच्या पेडलवरून उठतो, हेही तितकेच खरे. हे पेग कोणत्या गाडीला चालतात, ते कुठे बसवावेत आणि जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर ते कधी वापरावेत, याचा हा आढावा.

हा प्रश्न खान्देशात आताच का?

याचे एक कारण रस्ते. हाजिरा-सुरतहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा खान्देश आडवा कापत विदर्भात जातो. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च आहे. फागणे ते तरसोद या सुमारे ८७ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण अनेक वर्षे रेंगाळले. तरीही या महामार्गावर चौपदरी रस्त्याचे लांब पट्टे आता वापरात आहेत. याच महामार्गावर अमरावती ते अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर टाकण्याचा गिनेस विक्रम झाला होता. धुळ्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, तर धुळ्याहून चाळीसगाव, कन्नडमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ वेगळा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे खान्देशातून नागपूरला जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराला महामार्ग ५३ हाच मुख्य आधार उरतो.

दुसरे कारण गाड्या. खेड्यापाड्यांत १०० आणि १२५ सीसीच्या गाड्यांचाच वरचष्मा आहे. पण ‘एमएच १८’ आणि ‘एमएच १९’च्या पाट्या आता ३५० सीसी आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरही दिसतात. खड्ड्यांच्या दोन पदरी रस्त्यावर गिअर आणि ब्रेक सतत चालू असल्याने पाय आपोआप हलत राहायचे. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर तासभर एकाच गिअरमध्ये, एकाच वेगात गाडी चालते. त्या वेळी पाय एकाच कोनात अडकून पडतात आणि आखडतात. हायवे पेगची गरज भासू लागते ती इथे.

हायवे पेग म्हणजे नेमके काय?

गाडीला कंपनीतूनच येणारे पायटेकू चालकाच्या पायाखाली असतात. त्यांच्या पुढ्यात उजवीकडे ब्रेकचे पेडल आणि डावीकडे गिअर असतो. हायवे पेग ही पाय टेकवण्याची दुसरी जोडी. इंजिनच्या पुढे असलेल्या क्रॅश गार्डच्या नळीवर ती क्लॅम्पने आवळतात. सपाट रस्त्यावर चालक पाय तिथे ठेवतो, गरज पडली की पुन्हा मूळ जागी आणतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बजाज ॲव्हेंजर, रॉयल एनफिल्ड मीटिओर ३५० किंवा सुपर मीटिओर ६५० या क्रूझर गाड्यांतही पाय पुढेच असतात. पण तिथे पायटेकूबरोबर ब्रेक आणि गिअरही पुढे नेलेले असतात. पाय पुढे असला तरी ब्रेक पायाखालीच राहतो. हायवे पेगमध्ये फक्त पाय पुढे जातो, ब्रेक आणि गिअर मागेच राहतात. दिसायला दोन्ही बैठका सारख्या असल्या तरी सुरक्षिततेच्या हिशेबात त्या एकदम वेगळ्या आहेत.

ही पद्धत रुजली ती अमेरिकेत. तिथे १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहिले. या महामार्गांवर चौक नाहीत, आडवे रस्ते नाहीत, सिग्नल नाहीत. चढ-उतारासाठी ठरावीक ठिकाणीच वाट आहे. अशा रस्त्यावर पाय काही मिनिटे ब्रेकपासून लांब राहिला तरी धोका मर्यादित असतो. खान्देशातल्या महामार्गाला मात्र दर काही किलोमीटरवर गावाचा फाटा लागतो. पेग तिकडून आले, तसे रस्ते आले नाहीत.

पाय पुढे ठेवल्याने आराम का वाटतो?

माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा असतो. ७० किलोच्या चालकाचा एक पाय सुमारे ११ ते १२ किलोचा. साध्या प्रवासी गाडीवर बसल्यावर गुडघा बऱ्यापैकी वाकलेला असतो. उंच चालकाचा गुडघा आणखी दुमडतो. तासभर त्याच कोनात राहिल्यावर गुडघ्याभोवतीचे स्नायू ताणले जातात. पोटरीचे स्नायू हलले नाहीत तर पायातील रक्त वर ढकलण्याचे त्यांचे कामही मंदावते. मुंग्या येणे, पाय जड होणे, उतरल्यावर पहिली चार पावले लंगडत टाकणे हे त्यातूनच येते.

पाय पुढे टाकले की गुडघा आणि मांडीचा सांधा उघडतो, स्नायूंना वेगळी स्थिती मिळते. म्हणजे आराम मिळतो तो मुख्यतः स्थिती बदलल्यामुळे. पुढची जागा सुखाची असली तरी तिथेही पाय तासभर तसेच ठेवले तर तेही आखडतात. त्यामुळे हायवे पेगचा योग्य वापर म्हणजे पाच-दहा मिनिटांची विश्रांती. पूर्ण प्रवासाची बैठक म्हणून ते वापरायचे नाहीत.

खान्देशात याला उन्हाळ्याचीही बाजू आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची झळ मूळ पायटेकूवरच्या पोटऱ्यांना लागते. पाय इंजिनच्या पुढे गेले की ती झळ टळते. पण समोरचा गरम वारा, चाकाने उडवलेली खडी आणि धूळ थेट पायांवर येते. सायलेन्सरचा तापलेला बेंड पाइपही पुढेच असतो, हे विसरून चालत नाही.

मग त्रास कुठे होतो?

पहिला त्रास कंबरेला. मूळ पायटेकूवर पाय असताना शरीराचा थोडा भार पायांवर येतो. गतिरोधक किंवा पुलाचा सांधा दिसला की चालक पायांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठतो. गुडघे तेव्हा शॉकअपसारखे काम करतात. पाय पुढे पसरलेले असताना असे उठता येत नाही. सगळा भार माकडहाडावर येतो आणि दणका सरळ मणक्यात जातो. गावाजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रम्बलरवर आणि पुलाच्या उंचसखल सांध्यांवर हे लगेच जाणवते.

पेग फार उंच बसवले तर आणखी एक घोटाळा होतो. टाच सीटच्या उंचीकडे सरकली की कंबरेचा खालचा भाग मागे कलतो, पाठीला पोक येतो. पाय सुखावतात आणि कंबर दुखू लागते.

दुसरा त्रास ताब्याचा. गाडी वळवताना, खड्डा चुकवताना चालक मांड्यांनी टाकी धरतो आणि पायांनी गाडी दाबतो. पाय पुढे, गुडघे उघडे असे असताना ही पकड सुटते. मोठ्या ट्रकला ओलांडल्यावर बाजूने येणारा वाऱ्याचा झोत अशा वेळी जास्त हलवतो.

तिसरा धोका अपघाताचा. समोरून किंवा आडवी धडक बसली तर पाय इंजिनच्याही पुढे, थेट धडकेच्या जागी असतात. गाडी एका अंगावर घसरली तर पाय गार्ड आणि रस्ता यांच्यात सापडू शकतो. क्रॅश गार्ड इंजिन आणि मागे असलेला पाय वाचवण्यासाठी असतो. त्याच्यावर ठेवलेल्या पायाला तो वाचवत नाही.

ब्रेकचे गणित काय?

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते, ताशी ८० वेगात २२.२ मीटर. पाय हायवे पेगवरून उचलून ब्रेकच्या पेडलवर आणायला अर्धा सेकंद जादा लागतो असे धरू. तेवढ्या वेळात ६० च्या वेगात गाडी ८.३ मीटर पुढे जाते, ८० च्या वेगात ११.१ मीटर. म्हणजे पायाचा ब्रेक लागायच्या आधीच जवळपास एका एसटी बसच्या लांबीइतके अंतर संपलेले असते. घाईत पाय पेडलऐवजी हवेत किंवा गार्डवर आपटला तर हा हिशेब आणखी बिघडतो.

यावर अनेकांचे उत्तर असते, की खरा ब्रेक पुढचा, तो हातात आहे. हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. पण मागचा ब्रेक गाडी सरळ ठेवायला मदत करतो. खडी, चिखल किंवा ओल्या रस्त्यावर नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबणे धोक्याचे ठरते. शिवाय आपल्याकडे अनेकांचा हात आधी ब्रेककडे जातच नाही, पाय जातो. ती सवय संकटाच्या क्षणी बदलत नाही.

त्यात गाडीनुसार मोठा फरक पडतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना त्या नियमात एबीएस किंवा सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा, असा पर्याय होता. बहुतेक छोट्या मोटारसायकलींत कंपन्यांनी सीबीएस दिले. या यंत्रणेत पायाचे पेडल दाबले की मागच्या ब्रेकबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. म्हणजे १०० किंवा १२५ सीसीच्या गाडीवर पायाचे पेडल हे एका चाकाचे नाही, दोन्ही चाकांचे ब्रेक आहे. अशा गाडीवर पाय पेडलपासून लांब नेणे म्हणजे या यंत्रणेचा फायदाच सोडून देणे. खान्देशात सर्वाधिक दिसणाऱ्या गाड्या याच गटातल्या असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

कोणत्या गाडीला उपयोग, कोणत्या गाडीला नको?

१०० ते १२५ सीसीच्या प्रवासी गाड्यांना हायवे पेग न लावलेलेच बरे. ब्रेकचे कारण वर आले आहे. शिवाय या गाड्यांचे लेगगार्ड बारीक नळीचे असतात, पायाचा सततचा भार आणि हादरे सोसायला ते बनवलेले नसतात.

क्रूझर गाड्यांत पाय आधीच पुढे असतात. तिथे उंच चालकाला आणखी थोडी जागा मिळते, एवढाच फायदा. सरासरी उंचीच्या चालकाला पेग लांब पडतात आणि पाय ताणून धरावा लागतो.

सर्वाधिक उपयोग होतो तो सरळ बैठकीच्या, मजबूत क्रॅश गार्ड असलेल्या, ३५० सीसी आणि पुढच्या गाड्यांना. ज्यांना एबीएस आहे आणि ज्यांचा गार्ड चेसिसला किमान तीन ठिकाणी पक्का बसतो, अशा गाड्यांवर पेगचा विचार करता येतो. पुढे झुकून बसायच्या स्पोर्ट्स गाड्यांवर पाय पुढे टाकल्यास कंबर आणि मनगटे दोन्ही अवघडतात.

जुन्या बुलेटचा प्रकार वेगळा. त्यात उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असे. एकच पाय पुढे टाकायचा असेल तर ब्रेकचा पाय जागेवर ठेवायचा, हा नियम अशा गाडीवर उलट्या बाजूने लागू होतो.

खरेदी करताना काय पाहावे?

सर्वांत आधी गार्डच्या नळीची जाडी. बाजारातील क्लॅम्प ठरावीक मापांचे असतात. व्हर्नियर नसेल तर नळीभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी आणि ३.१४ ने भागावे. घेर ८० मिलिमीटर आला तर नळी सुमारे २५ मिलिमीटरची, म्हणजे एक इंची. घेर १०० मिलिमीटर आला तर सुमारे ३२ मिलिमीटरची, म्हणजे सव्वा इंची. मोठा क्लॅम्प घेऊन आत रबराचे तुकडे कोंबायचा जुगाड करू नये. हादऱ्यांनी रबर दबते, क्लॅम्प सैल होतो आणि पाय ठेवल्यावर पेग फिरतो.

पेग फिरण्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. क्लॅम्पपासून १० सेंटीमीटर बाहेर १० किलोचा भार आला तर क्लॅम्पवर सुमारे १० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. खड्ड्यात पाय आदळला की तो काही पट वाढतो. पेग जितका लांब, तितका पीळ जास्त. म्हणून आखूड पेग बरा.

पेग वर आणि मागे दुमडणारा असावा. गाडी कलली, पडली किंवा पेग कशाला घासला तर तो दुमडला पाहिजे. घट्ट, न दुमडणारा पेग रस्त्यात रुतून गाडी उलटवू शकतो. पाय टेकतो तिथे खरबरीत रबर हवे, कारण चकचकीत धातूवरून ओला बूट सटकतो. सिंगल सिलिंडर इंजिनाचे हादरे नट सैल करतात, म्हणून आत नायलॉन असलेले नट वापरावेत किंवा आट्यांना थ्रेडलॉक लावावे.

गार्डही तपासावा. वेल्डिंगला चीर, गंज किंवा आधी पडल्यामुळे आलेला वाक असेल तर त्यावर पेग बसवू नये.

जागा कशी ठरवावी?

बरेच जण गाडी उभी करून, पाय आरामात पसरून, ‘इथे बरे वाटते’ म्हणत पेग आवळून टाकतात. हा क्रम चुकीचा आहे. जागा ठरवताना पहिला निकष पाय किती सरळ मागे येतो हा, आराम त्यानंतर.

१. गाडी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला तरी धरायला लावून सरळ उभी करावी. प्रवासात घालायचे बूट, पॅन्ट आणि सामानाची बॅग, सगळे घेऊनच बसावे. चपलेवर घेतलेले माप बुटावर चुकते.

२. पाठ नेहमीसारखी ठेवून पाय पुढे न्यावेत. गुडघ्यात हलका बाक राहील, टाच सीटपेक्षा बरीच खाली राहील, अशी जागा शोधावी. हँडल धरण्यासाठी खांदे पुढे ओढावे लागत असतील तर पेग फार लांब आहेत. त्या जागी गार्डवर चिकटपट्टीची खूण करावी.

३. खुणेच्या जागेवरून पाय मूळ पायटेकूवर आणि ब्रेकच्या पेडलवर आणून पाहावा. मध्ये बेंड पाइप, गार्डची नळी किंवा बूट अडकेल असे काही नको. खाली न पाहता सलग २० वेळा पाय पेडलवर अचूक पडला तरच जागा बरोबर. एकदाही चुकला तर पेग थोडे मागे घ्यावेत.

४. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. पुढचा शॉकअप दाबून पाहावा. चाक, मडगार्ड किंवा वायर पेगला लागता कामा नये. गाडीला रेडिएटर किंवा ऑइल कूलर असेल तर बूट त्यावर येणार नाही, हे पाहावे.

५. पेगचे बाहेरचे टोक गार्डच्या सर्वांत बाहेरच्या कडेच्या आतच राहिले पाहिजे. बाहेर आलेले टोक वळणावर रस्त्याला आणि गर्दीत दुसऱ्या गाडीला अडकते.

६. दोन्ही बाजूंची उंची आणि अंतर सारखे ठेवावे. एक पाय वर, एक खाली असेल तर दोन तासांत कंबर एका बाजूला दुखू लागते.

७. आवळल्यावर नटावर आणि नळीवर रंगाची एक सरळ रेघ मारावी. पेग सरकला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक लांब प्रवासाआधी ती पाहावी.

पेगवर उभे राहू नये आणि गाडी ढकलताना त्यावर जोर देऊ नये. पहिला सराव मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगात करावा.

खान्देशातील कोणत्या रस्त्यावर ते वापरता येतील?

दुभाजक असलेला चौपदरी रस्ता, दिवसाचा उजेड, कोरडा डांबर, समोर लांबपर्यंत मोकळे आणि जवळपास फाटा नाही. या पाचही गोष्टी एकत्र असतील तेव्हाच पाय पुढे टाकावेत. त्यातली एक सुटली की पाय मागे.

या कसोटीवर जळगाव ते धुळे हा सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास तपासला तर चित्र स्पष्ट होते. जळगाव शहरात अजिंठा चौक, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक ते खोटेनगर हा रस्ता शहराच्या पोटातूनच जातो. तिथे पेगचा प्रश्नच येत नाही. पुढे गिरणेवरचा बांभोरीचा पूल, विद्यापीठाचा परिसर आणि पाळधी. तिथून पुढे मोकळे पट्टे लागतात, पण एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावे आणि त्यांचे फाटे येतच राहतात. म्हणजे संपूर्ण प्रवासात पेगचा खरा उपयोग तुकड्यातुकड्यांनीच होतो.

घाटात पेग वापरूच नयेत. चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट, धुळ्याजवळचा लळिंग घाट, साक्री-विसरवाडी दरम्यानचा कोंडाईबारी घाट, शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट इथे इंजिन ब्रेकिंगसाठी गिअर सतत बदलावे लागतात. कन्नड घाटातील अवजड वाहतूक २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, तरी वळणे आणि उतार तेच आहेत.

हंगामही पाहावा लागतो. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल महामार्गावर आणतात. त्यावर चाक साबणासारखे घसरते. कापूस आणि उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉली संध्याकाळी अचानक समोर येतात. रावेर, यावल, सावदा पट्ट्यात केळीच्या गाड्यांची वर्दळ असते. अंधारात नीलगाय, रानडुक्कर, कुत्रे आडवे येतात. सूर्य मावळला की पाय ब्रेकजवळ, हा नियम सोपा आणि लक्षात राहणारा आहे.

गर्दी थोडी असेल आणि पाय मोकळा करायचाच असेल, तर फक्त गिअरचा पाय पुढे टाकून ब्रेकचा पाय जागेवर ठेवणे हा मधला मार्ग आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘हायवे पेग’ असा शब्द कायद्यात नाही. वाहनाच्या रचनेत बदल होऊन त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलणे, असा ‘बदल’ या शब्दाचा अर्थ कायद्याने दिला आहे. गार्डवर नटबोल्टने बसवलेला आणि काढता येणारा पेग आणि चेसिस कापून, वेल्डिंग करून केलेला बदल यात म्हणूनच मोठे अंतर आहे. दुसरा प्रकार सरळ अडचणीत आणणारा. मूळ पायटेकू काढून टाकणे, ब्रेकचे पेडल कापणे किंवा वाकवून पुढे नेणे हे टाळलेच पाहिजे. मागे बसणाऱ्यासाठी पायटेकू असणे तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. शंका असेल तर पेग घेण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही जादा ॲक्सेसरीची कल्पना द्यावी, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उरत नाही.

पेगशिवाय आराम मिळू शकतो का?

बऱ्याच वेळा मिळतो, आणि त्यासाठी फार खर्चही नाही. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या पेडलची आणि गिअर लिव्हरची उंची बदलता येते. पेडल फार उंच असेल तर घोटा सतत वर ताणलेला राहतो आणि नडगी दुखते. गॅरेजमध्ये दहा मिनिटांत ते बसवून मिळते. हँडल थोडे मागे फिरवले तर कंबर सरळ होते. दबलेल्या सीटचा फोम बदलल्याने माकडहाडाचा त्रास कमी होतो.

मूळ पायटेकूवरही पाय हलवता येतात. कधी पंजा, कधी तळव्याचा मध्य, कधी टाचेकडचा भाग टेकवावा. घोटे गोल फिरवावेत, पोटऱ्या आवळून सोडाव्यात. सरळ मोकळ्या रस्त्यावर क्षणभर पायटेकूंवर भार देऊन सीटवरून थोडे उठावे.

आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे थांबणे. तासाभराने पाच मिनिटे उतरून चालले, पाणी प्यायले, तर पायांतला रक्तप्रवाह सुरळीत होतो. उन्हाळ्यात तर पायांत येणारे गोळे अनेकदा घामातून गेलेल्या पाण्या-मिठामुळे असतात. त्यावर पेगचा उपयोग नाही, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा आहे. पाय पुढे पसरून डोळे जड होऊ लागले असतील तर तो आराम नसून झोपेचा इशारा आहे. अशा वेळी पुढच्या ढाब्यावर गाडी लावणे हाच मार्ग.

थोडक्यात काय?

मोठी गाडी, एबीएस, मजबूत गार्ड आणि मोकळा चौपदरी रस्ता असेल तर हायवे पेग लांबच्या प्रवासात पायांना विसावा देतात. छोट्या सीबीएस गाडीवर ते महत्त्वाच्या ब्रेकपासून पाय लांब नेतात. त्यांची जागा ठरवताना पाय किती लांब पसरतो यापेक्षा तो किती लवकर आणि किती अचूक परत येतो, हे मोजावे. उभ्या गाडीवर २० पैकी २० वेळा पाय पेडलवर पडत नसेल, तर चालत्या गाडीवर तो पडेल अशी आशा धरू नये.